पुढची ओळ कोणाची

खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा उभ्यानं करायचा तमाशा; तिच्यात पुढची ओळ शाहिराची असते. शाहीर डफावर थाप मारून ओळ फेकतो. मागे कानावर हात ठेवून उभे असलेले झीलकरी तिचा शेवटचा शब्द धरतात आणि वर ओढत नेतात, ती झील. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, माणसांची तोंडं पाहतो, पुढचं आठवतो. झीलकऱ्यानं पुढची ओळ म्हणायची नाही. शाहीर खोकला तरी नाही, विसरला तरी नाही. ज्यानं म्हटली तो पार्टीतून गेला. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आंबागडच्या बाजूला कोणाला सांगावंही लागत नाही.

मी तीस वर्षं पुढची ओळ म्हटली. शाळा तिसरीपर्यंत. तरी कवनं मीच बांधायचो, एकही कागदावर नाही, सगळी डोक्यात. ज्यांना डोकं नाही त्यांनी वही ठेवावी, असं मी म्हणायचो आणि लोक हसायचे.

माझ्या मागे उजव्या हाताला माझा साळा उभा राहायचा. माझ्या बायकोचा लहान भाऊ. कूपात, म्हणजे जंगलात तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, बांबू तोडायला जायचा, अंगानं काटकुळा, बोलायला कमी. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात, तो मला भाटवेच म्हणायचा, अहो-जाहो करून. कानावर हात कसा ठेवायचा ते मी शिकवलं त्याला. उभा राहायलाही मीच शिकवलं. हे मी तेव्हा चारचौघांत सांगायचो, आताही सांगतो, कारण खरं आहे.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्या दिवसांत कॅसेटचं फार वेड होतं. ज्या शाहिराची कॅसेट तो शाहीर, बाकीचे नुसते ओरडणारे. नागपूरच्या एका कंपनीवाल्यानं मला बोलावलं. आम्ही सगळे गेलो, धुतलेली धोतरं नेसून. भिंतीला गादी ठोकलेली खोली. रेकॉर्डिंगवाल्यानं मला काचेच्या आत एकट्याला उभं केलं, झीलकऱ्यांना बाहेर बाकावर बसवलं.

"शाहीर, पहले तुम्ही एकटे म्हणा. कोरस नंतर लावू."

मी म्हटलं ठीक आहे. डफ वाजवला, ओळ फेकली आणि थांबलो. तीस वर्षं थांबत आलो, तसाच थांबलो. मागून झील आली नाही. येणार कुठून? पुढची ओळ फेकली, परत थांबलो. अशा अर्धा तास ओळी फेकल्या आणि अर्धा तास थांबलो. त्या माणसाला वाटलं, यांची पद्धतच असेल. नंतर झीलकऱ्यांना आत घेतलं. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, श्वास ऐकू येत नव्हता. त्यांनी झील ओढली ती माझ्या पुढच्या ओळीवर जाऊन पडली. जिथं झील हवी तिथं मोकळं, जिथं मी गातो तिथं झील. कंपनीवाल्यानं ऐकलंही नसेल. दिवाळीच्या आधी कॅसेट बाजारात आली, वर माझा फेटा बांधलेला फोटो.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबी, सोयरे, लग्नाच्या पोरापोरींची पाहणी, आणि दुपारी मंडपात खडी गंमत. गाव जोराचं असेल तर दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या करतात, डबल म्हणतात त्याला. त्या वर्षी माझ्यासमोर गोंदियाकडचा शाहीर होता. त्यानं आपली पाळी आली तसा डफ उचलला, माझ्याच कॅसेटची एक ओळ म्हटली आणि थांबला. कानाला हात लावला. मागे पाहिलं. वाकून सतरंजीखाली पाहिलं.

"झील कुठं गेली बावा?" माइकवर म्हणाला. "का जिल्ह्यासंगं वाटनीत तीबी आमच्याकडं आली? पाहतो जी, घरी असन त पाठवून देतो!"

माणसं मंडपात लोळली. माझ्याकडून उत्तर हवं होतं, डबलमध्ये उत्तर द्यावंच लागतं. मला सुचलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मग रोजचंच झालं. तुमसरच्या बाजारात गेलो की कोणीतरी बोलता बोलता मधेच थांबायचा आणि कानाला हात लावायचा. माझ्या शेजाऱ्यानं तर माझ्या कॅसेटची फीत बाहेर ओढून धानाच्या शेतावर या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणली. उन्हात चमकते, वाऱ्यानं फडफडते, पाखरं बसत नाहीत. सगळे जुन्या फिती तशा लावतात. पण त्यानं नवी कोरी आणून लावली. मी विचारलं तर म्हणाला, "राघू लय भेतेत शाहीर, तुमच्या आवाजाले."

कोणावर तरी हे काढायला हवं होतं. मी साळ्यावर काढलं. विहाराच्या ओट्यावर पार्टी जमली होती, गावातली दहा-वीस माणसंही होती. मी म्हणालो, "याच्यापायी झालं. याले झील कुठं धरावं ते समजलं नाही." त्याला माहीत होतं थांबलो मी होतो. बाकीच्यांनाही माहीत होतं.

"सांग ना," मी म्हणालो. "सांग लोकाइले, चूक कोनाची होती."

त्यानं पायाकडे पाहिलं. "माही होती," म्हणाला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

पण नाव असं येत नाही परत. त्यासाठी दुसरी कॅसेट हवी होती, आणि पहिलीला हसलेल्या तोंडांनीच तिला वा म्हणायला हवं होतं. मी वर्षभर एक कवन बांधलं. जिल्ह्याच्या वाटणीचं, पण दोन भावांच्या घरातल्या भांडणासारखं. कोणाला धानाच्या गिरण्या, कोणाला जंगल, कोणाला म्हातारी माय. त्याचं धृपद असं:

बोडी गेली तुह्या वाट्याले, गा भाऊ,
तहान राहिली माह्या वाट्याले.

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. हे धृपद ऐकून बायको चुलीपुढं बसल्या जागी म्हणाली, "हे चालते." तिनं आजवर एवढं कधी म्हटलं नव्हतं.

कवन चाललं असतं, आवाज चालेना. त्याचं कारण माझा हट्ट. माझा आवाज पडला असं कोणी म्हणू नये म्हणून लोक हसले त्याच मोसमात पुढे मी माइक घेतलाच नाही. दहा गावांच्या मंडया नुसत्या गळ्यावर मारल्या. ढोलकीवाला हात जोडून म्हणाला, माइक घ्या. नाही घेतला. शेवटच्या गावात वरच्या सुराला गेलो तर आवाजाऐवजी वारा निघाला. मग सुंठ, मध, कोमट पाणी, सगळं केलं. खालचे सूर परत आले, वरचे फाटलेलेच.

कंपनीवाला नाहीच म्हणत होता. मी नागपूरला जाऊन त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. एक दिवस, दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं मला चहा पाठवला, आणि त्याला लाज वाटली. "शेवटची," म्हणाला.

या वेळी मी रेकॉर्डिंगवाल्याला आधीच बजावलं, सगळे एका खोलीत उभे राहतील, मंडईत राहतात तसे. त्यानं मान्य केलं. बाकीची गाणी खालच्या सुरातली होती, झाली. वाटणीचं कवन आलं. त्याचं धृपद वर जातं. पहिल्यांदा फाटलं. दुसऱ्यांदा फाटलं. पाचव्यांदा त्यानं कानावरची यंत्रं काढून ठेवली आणि म्हणाला, "शाहीर, गरम पाणी पिऊन या."

मी जिन्याखाली टपरीवर गेलो. अर्धा पेला पाणी प्यायलो असेन. वर आलो तर दार लोटलेलं आणि आतून माझं धृपद येत होतं. पुढची ओळ. स्वच्छ, सरळ वर गेलेली, माझा जसा पंचविशीत होता त्याच्याहून बरा आवाज. मी दाराला हात लावून उभा राहिलो.

झालं ते असं, नंतर मला कळलं. रेकॉर्डिंगवाला साळ्याला म्हणाला, तू म्हणून दाखव. साळा म्हणाला, "शाहिराची ओळ मी नाई म्हनत जी." तो म्हणाला, "अरे, माइक तपासायचा आहे फक्त." माइक तपासायला म्हणून त्यानं म्हटलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि त्या माणसानं मशीन बंद केलं नाही.

मी आत गेलो तसा साळा भिंतीला चिकटला. "भाटवे, त्यायनंच सांगतलं. मी म्हनत नव्हतो."

रेकॉर्डिंगवाल्यानं मला खुर्ची दिली आणि सगळं ऐकवलं. मग मशीन थांबवून मला विचारलं, "काय करायचं?"

मी म्हणालो, "हेच ठेवा. फोटो माझा."

त्यानं साळ्याकडे पाहिलं. साळा माझ्याकडे पाहत होता. ढोलकीवाला आणि दुसरा झीलकरी जमिनीकडे. माझ्या पार्टीत मी बोलल्यावर कोणी बोलायचं नाही, हेही मीच शिकवलेलं.

परतीच्या एसटीत मी साळ्याला माझ्या बाजूला बसवलं. जवाहरनगरच्या फाट्यावर कारखान्याची माणसं चढली, उतरली. गर्दी कमी झाल्यावर म्हणालो, "कोनाले सांगाचं नाई. बहिनीलेबी नाई."

"नाई सांगत."

"शपथ?"

"कायले शपथ, भाटवे. नाई सांगत म्हनलो ना." तुमसर जवळ आलं तसा म्हणाला, "पन एक मांगू का? एक डाव मंडईत मले पुढची ओळ म्हनू द्या. हीच. एकच डाव. मंग मी आपला मागंच आहो."

मी म्हणालो, "देतो. दिवाळीनंतर."

त्याचा चेहरा असा झाला, जसं मी त्याला शेत लिहून दिलं.

कॅसेट निघाली आणि उठली. तुमसरच्या बाजारात प्रत्येक दुकानात तीच. साकोलीच्या स्टँडवर पानठेल्याला तीच. जवाहरनगरच्या बसवाल्यानं जाताना-येताना तीच लावली म्हणे, आणि तिथल्या क्वार्टरमधल्या लोकांनी मला हार घालायला बोलावलं. एक साहेब म्हणाले, "शाहीर, या वयात आवाज असा तरणा कसा झाला?"

"सुंठ खातो," मी म्हणालो. सगळे हसले. सगळ्यांनी लिहून घेतलं किती सुंठ, कधी.

तुम्ही म्हणाल, कोणी ओळखलं कसं नाही? झीलकऱ्याचा आवाज कोणी कधी एकटा ऐकलेला नसतो. तो नेहमी दुसऱ्यात मिसळलेला, ओळीचा शेपटा धरलेला. आणि कॅसेटवर फोटो माझा. माणूस फोटो पाहून ऐकतो.

एका बाईनं ओळखलं. मी घरी टेप लावला, बायको तांदूळ निवडत होती. दुसऱ्या ओळीला तिचा हात थांबला.

"हा तुमचा नाई."

"मंग कोनाचा?"

"लहानपनी गाई चारताना असाच हाका मारे. मले माह्या भावाचा आवाज समजत नाई का?"

"तुले का समजते गान्यातलं," मी म्हणालो.

ती उठली, सूप घेऊन बाहेर गेली आणि अंगणात बसून तांदूळ निवडू लागली. त्या दिवसापासून घरात टेप सुरू झाला की ती बाहेर जायची. ऊन असो, थंडी असो. मीही हट्टानं रोज लावायचो.

मंडई आली. डबल होती, आणि समोर तोच गोंदियाकडचा शाहीर. मंडप इतका भरला की माणसं झाडांवर चढली होती. त्या शाहिरानं पहिल्याच पाळीत मला हात जोडले आणि माइकवर म्हणाला, "मागच्या साली हसलो, गलती झाली जी." मला तिथंच मिळायचं ते मिळालं होतं. मी तिथं थांबलो असतो तर हे लिहायचं कामच नव्हतं.

पण मी शब्द दिला होता आणि शब्द मी मोडत नाही. वाटणीच्या कवनाची पाळी आली. लोक ओरडू लागले, बोडी, बोडी. मी डफ साळ्याच्या हातात दिला आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिलो. तो पुढे आला. त्यानं नवा सदरा घातला होता, त्याची घडी अजून मोडली नव्हती. त्यानं थाप मारली आणि धृपद म्हटलं.

कॅसेटवरच्यासारखंच. तंतोतंत. तोच आवाज, तीच वळणं, शेवटच्या शब्दावरचा तोच लहानसा धक्का. असणारच ना.

आणि समोर बसलेला एक जण मोठ्यानं म्हणाला, "अरे, हा त शाहिराची नक्कल करून राहिला!"

दुसरा म्हणाला, "भल्ली जमली बे! डोरे मिटले त शाहीरच वाटते!"

हसू पसरत गेलं. मागच्या वर्षी माझ्यावर हसले तसं कडू नव्हतं ते. कौतुकाचं होतं, माकडाच्या खेळाला असतं तसं. एकानं ओरडून सांगितलं, "आता गाडीचा हॉर्न काढून दाखव! कुत्रा काढ!" पुन्हा हशा. साळा दुसरी ओळ म्हणत होता, तीही तंतोतंत, आणि जेवढी तंतोतंत तेवढे लोक हसत होते. तो थांबला. मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

तो काही मागत नव्हता, हे मला सांगायचं आहे. त्यानं डोळ्यांनीही काही मागितलं नाही. नुसतं पाहिलं, झील कधी ओढायची ते पाहायला पाहतात तसं. माझ्या हातात दुसरा माइक होता. तीन शब्द पुरले असते, आवाज याचाच आहे. गोंदियाकडचा शाहीर समोर बसला होता, त्यानं नुकतेच हात जोडले होते.

मी माइक तोंडाजवळ घेतला. म्हणालो, "मंडळी, हा माझा झीलकरी. वीस वर्षं माझ्या मागं उभा राहून माझा आवाज शिकला. नक्कल चांगली केली की नाही? वाजवा टाळ्या!"

खूप टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

तो मागे माझ्याकडे आला, डफ माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी दिला, आणि जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला, उजव्या हाताला, मागे. कानावर हात ठेवला. मी धृपद म्हटलं, खालच्या सुरात, आणि त्यानं झील ओढली. तो दिवस संपेपर्यंत एकही झील चुकली नाही. वर तर इतकी सुरेख गेली की लोक म्हणाले, आज शाहिराचा आवाज दमला, पण पार्टी जोरात आहे. कार्यक्रम संपला, सगळे जीपमध्ये बसले. तो चालत गेला.

पार्टीत परत आला नाही. निरोप नाही, भांडण नाही. बोलावणं पाठवलं तर घरचे सांगायचे, कूपात गेला.

पुढच्या मोसमात सुपाऱ्या होत्या, सगळ्यांना बोडी हवी होती. ती मला कॅसेटसारखी म्हणता येत नव्हती. मी घरी टेप लावून बसायचो आणि त्याच्या जागा शिकायचो. श्वास कुठं घेतो, धक्का कुठं देतो. एकदा बायको दारातून पाहत होती.

"आता तुमी करून राहिले नक्कल," म्हणाली. माझ्याशी ती त्या वर्षभरात जेवढं बोलली त्यातलं हे सगळ्यात मोठं वाक्य असेल.

नाही जमली. दुसऱ्या मंडईत लोक उठून पाळण्याकडे गेले. तेव्हा मी साळ्याच्या घरी गेलो. माझ्यासारख्या माणसानं साळ्याच्या दारात जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडचे जाणतात. त्याच्या बायकोनं पाट दिला, पाणी दिलं. तो बांबू चिरून पातळ कमच्या काढत बसला होता. उठून उभा राहिला, मी बसल्यावर बसला. रीत सोडली नाही त्यानं.

"चाल," मी म्हणालो. "बोडीची पुढची ओळ तूच म्हन. दरवेळी. मी मागं राहतो."

"लोक नकला करनारा म्हनतेत, भाटवे."

"म्हनू दे."

तो कमची सोलत राहिला. मग म्हणाला, "त्या गावात, त्याच मंडपात, माइकवर सांगा कोनाचा आवाज होय. एक डाव. मंग तुमी म्हनान तिथं येतो. जिंदगीभर मागं उभा राहतो, पुढची ओळ मले नोकोच."

त्याची बायको दारात उभी होती. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"माझ्या पार्टीत अटी मी घालतो," म्हणालो आणि निघालो. त्यानं फाटकापर्यंत येऊन पोचवलं.

त्या मोसमाच्या शेवटी मी पार्टी मोडली. लोकांना सांगितलं, गळ्याचं दुखणं. नंतर कॅसेट गेल्या, आता ते गाणं कोणाकोणाच्या मोबाइलवर आहे, खाली माझं नाव. साळा गिरणीत कामाला आहे. सोयरिकीत भेटतो, पाया पडतो. त्याच्या मुलींना वाटतं आपल्या आत्याचा नवरा मोठा शाहीर होता. तो त्यांना काही सांगत नाही. शपथ न घेता दिलेला शब्द त्यानं पाळला आहे.

बायको दर मंडईला विचारते, "जाता का या साली?" कुठं आणि कशाला ते ती सांगत नाही. मी म्हणतो, गुडघे दुखतात.

इथं मात्र लिहिलं. आवाज त्याचा आहे. कागदावर लिहिताना समोर माणसं बसलेली नसतात, म्हणून जमलं. हे छापून आलं तर त्याच्या घरी जाऊन कोणी वाचून दाखवू नये. मी जाणार नाही.